सगळ्यांना सगळं अकरा

आमच्या बाबांना दोन मुली झाल्या आणि त्याबरोबर कुठल्याही वस्तूचे दोन नग घ्यायची सवय लागली. ताईला लाल छत्री, तर मलाही लाल छत्री. ताईला सायकल, तर मलाही तेवढीच सायकल. ताई माझ्याहून मोठी आणि चांगली वीतभर उंच, त्यामुळे माझे पाय पेडलला टेकेपर्यंत माझ्या सायकलला गंज चढला होता. ताईच्या दातांना तार बसवायची वेळ आली तेव्हा बाबा मलाही घेऊन गेले आणि दातांच्या डॉक्टरांना म्हणाले, "धाकटीला पण बसवता येईल का?" माझे दात सरळ होते. बाबांना त्याचं वाईट वाटलं.

"माझ्या घरात डावं-उजवं चालायचं नाही," असं ते येता-जाता म्हणायचे. ज्याचा सगळा धंदाच डाव्या-उजव्याचा, त्या माणसाने हे म्हणावं, म्हणजे कमाल आहे. बाबांचं चष्म्यांचं दुकान आहे.

दुकान लहान पण खोल. पुढे काउंटर, आरसे आणि भिंतभर फ्रेमा. मधे पडद्याआड डोळे तपासायची खुर्ची, तिच्यासमोर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. सगळ्यात मागे काचा घासायची खोली. यंत्र चालू असलं की तिथे पाण्याचे तुषार उडतात आणि काचेचा पांढरा गाळ खालच्या बादलीत साचतो. टेबलाच्या खणात मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू, नाकावर टेकणाऱ्या गाद्यांची डबी आणि तुटलेल्या दांड्यांचा ढीग. बाबा तुटकी दांडी कधी टाकत नाहीत. म्हणतात, "असू दे, हिलाही कुणी जोडीदार मिळेल." त्याच खणात तळाशी काळ्या जाड फ्रेमचा एक जुना चष्मा आहे. तो विकायचा नाही.

त्या चष्म्याची गोष्ट बाबांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली आहे की मला ती त्यांच्या सुरात पाठ आहे. लहानपणी त्यांना फळ्यावरचं दिसेना. घरात थोरल्या काकांचा जुना चष्मा पडून होता. आजोबांनी तो धोतराला पुसला आणि बाबांच्या नाकावर ठेवला. "सख्खा भाऊ आहे ना तुझा? मग त्याला चालला तो तुला का नाही चालणार?" थोरल्याला नवं आणि धाकट्याला थोरल्याचं जुनं, हा त्या घरचा कायदा होता. चष्मा मोठा, जड, आणि नंबर भलताच. बाबांना सपाट जमीन खोलगट दिसायची, पायऱ्या चुकायच्या, संध्याकाळी डोकं फुटायची वेळ यायची. शेवटी शाळेत डोळ्यांची तपासणी झाली आणि त्यांना स्वतःच्या नंबरचा चष्मा मिळाला. "झाडाची पानं सुटी सुटी असतात, हे मला त्या दिवशी कळलं," असं बाबा सांगतात आणि अजूनही सांगताना त्यांचा आवाज ओला होतो. त्या दिवशी त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. मोठं होऊन चष्मे करायचे, आणि आपल्या पोरांना कधी कुणाचं जुनं वापरायला लावायचं नाही.

दोन्ही पाळल्या. दुसरी जरा जास्तच पाळली.

आम्ही दोघी दुकानात काम करू लागलो तेव्हा बाबांनी काउंटरच्या बरोबर मध्यावर रंगीत चिकटपट्टी लावली. अर्धा ताईचा, अर्धा माझा. स्टुलं एकाच उंचीची, त्यामुळे ताईचे गुडघे काउंटरला आपटायचे आणि माझे पाय लोंबकळायचे. कामाचंही तसंच. एक दिवस ताई काउंटरवर आणि मी यंत्रावर, दुसऱ्या दिवशी उलट. आता ताईच्या हाताला देवाने काय दिलंय कोण जाणे, ती काच घासते तेव्हा यंत्राचा आवाजसुद्धा सुरात येतो. पण काउंटरवर उभी राहिली की गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते, "ही फ्रेम तुम्हाला वाईट दिसते." माझं बरोबर उलटं. मी बोलण्याच्या भरात माणसाला दोन चष्मे विकते, आणि यंत्रावर बसवलं की काचेचा टवका उडालाच म्हणून समजा. म्हणजे दर दिवसाआड एक चुकीची मुलगी काउंटरवर आणि दुसरी चुकीची मुलगी यंत्रावर. बाबा मात्र खूश. कुणावर अन्याय नाही!

त्यात ताईने एक फाशांचा खेळ घरी आणला. भिंगांचं काम शिकायला ती वसतिगृहात राहिली होती, तिथे तिला त्याचा नाद लागला. एक जाड पुस्तक आणि तऱ्हेतऱ्हेच्या फाशांची पिशवी. बाबांनी वीस पैलूंचा फासा दिव्यासमोर धरला, कडांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "घासकाम बरं आहे." झालं, खेळ पास.

खेळ साधा आहे. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो. जंगल, गुहा, राक्षस, काय हवं ते. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करतो ते बोलून सांगतात. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. मात्र खेळ सुरू होण्याआधी आपल्या माणसाचे सहा गुण आकड्यांत मांडायचे: बळ, चपळाई, तग, बुद्धी, शहाणपण आणि छाप. छाप म्हणजे चार माणसांत आपलं वजन पडणं. मोठा आकडा म्हणजे त्या बाबतीत माणूस दांडगा, लहान आकडा म्हणजे आनंदीआनंद.

सूत्रधार बाबाच. "दुकानदाराने गिऱ्हाइकांत बसू नये," असं त्यांचं म्हणणं. खेळायला आई, ताई, मी आणि शेजारचे बेकरीवाले काका. ताई किमयागार, मी गावोगाव फिरणारी गायिका, आई चेटकीण. काका योद्धा, जे खऱ्या आयुष्यात झुरळ दिसलं की पिठाच्या पोत्यावर चढतात. दर रविवारी दुपारी दुकान बंद करून आम्ही मागच्या खोलीत बसायचो. यंत्रावर फडकं टाकायचं, काका बिस्किटं आणायचे, आई चहा करायची.

पहिल्या रविवारी आम्ही फासे टाकून गुण ठरवले. ताईला सतरा, सोळा, पंधरा असं घबाड लागलं. आईच्या वाट्याला बळ आलं चार.

"काठी टेकत चालेन," आई म्हणाली. "चेटकिणीला काय कुस्ती खेळायची आहे?"

पण बाबांचा चेहरा पडला. "एकीला सतरा आणि एकीला चार? माझ्या टेबलावर? छे छे."

पुढच्या रविवारी त्यांनी प्रत्येकाला सहासष्ट गुण दिले आणि हवे तसे वाटून घ्या म्हणाले. पुस्तकातही असंच काहीसं सांगितलं होतं. काकांनी अठरा गुण एकट्या बळात ओतले आणि बुद्धीला चार ठेवले.

"अहो, तुमच्या योद्ध्याला घराची वाट आठवायची नाही," बाबा म्हणाले.

"नाही आठवली तर भिंत फोडून जाईन."

बाबांना तेही सोसवेना. आपल्या टेबलावर एक माणूस मठ्ठ राहतो म्हणजे काय! तिसऱ्या रविवारी आम्ही येऊन बसलो तर कागद तयार होते, बाबांच्या सुबक अक्षरात. बळ अकरा, चपळाई अकरा, तग अकरा, बुद्धी अकरा, शहाणपण अकरा, छाप अकरा. चौघांचे कागद तंतोतंत सारखे.

"आता कुणी तक्रार करायची नाही," बाबा म्हणाले.

"तक्रार करायला आहे काय यात?" काकांनी कागद उलटा करून पाहिला.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," आई पुटपुटली.

निघाले चौघे अकरे. चालता चालता डोंगरातल्या एका दगडी दारापाशी आले आणि तिथे घोडं जे पेंड खायला बसलं ते बसलंच. हे दार बाबांनी अगदी सुरुवातीला, पुस्तक वाचून मोठ्या हौसेने रचलं होतं. इथे फासा चालत नाही, दारावरची अक्षरं वाचायला बुद्धी सोळा हवी. दार उचलायला बळ सोळा हवं. राखणदार म्हणून एक दगडी तोंड होतं, त्याला पटवायला छाप सोळा हवी. आमच्याकडे होते सगळीकडे अकरा.

"दार थोडं हलकं करा ना," मी म्हटलं.

"ते कसं? दार सगळ्यांना सारखं," बाबा म्हणाले.

मग काय! आम्ही दारासमोर तळ ठोकला. रविवारमागून रविवार गेले. काकांच्या योद्ध्याने तिथे भट्टी लावून पाव विकायला सुरुवात केली. आईची चेटकीण दगडी तोंडाच्या नाकावर कपडे वाळत घालू लागली. मी त्या तोंडाला गाणी म्हणून दाखवायचे आणि ते बाबांच्या आवाजात "नाही" म्हणायचं. आधी आम्ही हसून हसून लोळायचो. मग हसू कमी झालं. एका रविवारी काका बिस्किटं देऊन दारातूनच परत गेले, भट्टीचं काम आहे म्हणाले. रविवारी भट्टी बंद असते.

ताई तर बोलायचीच बंद झाली होती. का, ते फक्त मला ठाऊक होतं. लांबच्या शहरात मोठ्या दुर्बिणींची भिंगं घासणारी एक कार्यशाळा आहे, तिथून तिला बोलावणं आलं होतं. महिनाअखेर होकार कळवायचा होता. एका दुपारी यंत्राच्या आवाजाआड तिने मला सांगितलं. "माणसाच्या उंचीचं भिंग असतं गं," म्हणाली, आणि हे सांगताना ताईचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा उजळला. मग लगेच विझला. कारण बाबांनी दुकानाची नवी पाटी रंगवायला टाकली होती, 'वडील आणि दोन्ही कन्या', आणि पाटीवर दोघींना सारखी जागा मिळावी म्हणून रंगाऱ्याशी वाद घालून आले होते.

"सांग ना बाबांना," मी म्हटलं.

"काय सांगू? अर्धा काउंटर नको म्हणून? ते म्हणतील माझ्या वाटणीत काय चुकलं. जन्मभर तेच शोधत बसतील."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या रस्त्याला माहीत आहे. पण ही गोष्ट मी पोटात ठेवली, आणि ती मला बाधली. महिना संपत आला, ताईने होकार लिहिला नव्हता. तिने नकारच कळवला असता, आणि त्या गुडघे आपटणाऱ्या स्टुलावर म्हातारी झाली असती. मला नुसत्या विचाराने रडू यायचं.

अशात एका सकाळी दुकानात मुख्याध्यापिकाबाई आल्या. आता निवृत्त आहेत, पण रस्त्यावरची माणसं अजून त्यांना पाहून रांगेत चालतात. दिवस ताईच्या काउंटरचा. बाईंनी सोनेरी गोल फ्रेम निवडली.

"यात तुम्ही चिडल्यासारख्या दिसता," ताई म्हणाली.

"मी चिडलेलीच असते."

"मग तर नकोच."

बाबा धावत आले, माफी मागितली, ऑर्डर घेतली. म्हणजे यंत्रावर मी. बाईंच्या एका काचेचा टवका उडाला, ती पुन्हा घासली. शेवटी दोन्ही बसल्या एकदाच्या, आणि मी सुस्कारा सोडला. संध्याकाळी बाई नवा चष्मा घालून घरी गेल्या आणि थोड्याच वेळात भिंत चाचपत परत आल्या. उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे! फ्रेम गोल, त्यामुळे कुठलीही काच कुठेही बसली होती.

बाबांनी हातातलं सगळं टाकलं, काचा अदलाबदल केल्या, आणि पुसता पुसता नेहमी सांगतात तसं समजावून सांगू लागले. "बाई, दोन डोळे एकाच चेहऱ्यावरचे, पण दोघांचं मागणं वेगळं. उजव्याचं डाव्याला दिलं की दोघांनाही त्रास. म्हणून ज्याचं त्याला."

"हे जरा तुमच्या मुलींना शिकवा," बाई म्हणाल्या, चष्मा घातला, आरशात पाहिलं, आणि ताईकडे वळून म्हणाल्या, "चिडलेलीच दिसते. छान दिसते." आणि ताठ मानेने निघून गेल्या.

आई चहाचे कप घेऊन पडद्यापाशी उभी होती. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे अहो, सगळ्या गावाला सांगता माझ्या मुली म्हणजे माझे दोन डोळे. मग डोळ्यांचं ते तुमचं शास्त्र घरात का लावत नाही? काच जिच्या हातात नाचते तिला काउंटरवर उभी करता, आणि ही बडबडी, हिला यंत्रावर."

"मग काय एकीला एक देऊ आणि दुसरीला दुसरं?" बाबांचा आवाज चढला. "उद्या एकीच्या मनात आलं की दुसरीला जास्त दिलं, तर? मला माहीत आहे ते कसं वाटतं. तुला नाही माहीत!"

आईने कप ठेवले आणि ती गेली. बाबा मागच्या खोलीत जाऊन बसले. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. त्यांनी खणाच्या तळातून तो जुना काळा चष्मा काढला, पुसला, आणि स्वतःचा उतरवून नाकावर ठेवला. मग हाक मारली, "दोघी इकडे या."

आम्ही जाऊन समोर उभ्या राहिलो. बाबा त्या चष्म्यातून आमच्याकडे बघत होते, डोळे बारीक करून, मान वाकडी करून. आम्ही त्यांना खोलगट दिसत असणार.

"मी तुम्हाला सगळं नवंकोरं दिलं ना?" ते म्हणाले.

"हो बाबा."

"नवं दिलं. पण हिला हिच्या मापाचं दिलं नाही आणि तिला तिच्या. चष्मा शेवटी दुसऱ्याचाच राहिला." त्यांनी तो चष्मा काढला. डोळे पुसायला लागले तेव्हा म्हणाले, "नंबर जड आहे, त्याने पाणी येतं."

रविवारी काकांना ओढून आणावं लागलं. टेबलावर कोरे कागद होते. बाबा शिक्षकासारखे उभे राहून म्हणाले, "बेरीज सगळ्यांची सारखी, सहासष्ट. ते मी सोडणार नाही. पण वाटणी ज्याची त्याची. आणि जिथे कमी असेल तिथे कमी म्हणून खेळायचं, लाजायचं नाही. काका, घ्या तुमचं बळ अठरा."

"आणि बुद्धी चार?"

"चार."

काकांनी आनंदाने मूठ टेबलावर आपटली, आणि दोन बिस्किटांचा चुरा झाला. आईने शहाणपण सतरा घेतलं आणि कुणाची हिंमत झाली नाही काही म्हणायची. मला बाबांनी स्वतः लिहून दिलं. छाप सतरा, चपळाई पाच. "बाईंच्या काचा आठव," म्हणाले. मग ताईचा कागद. बुद्धी सतरा, चपळाई सोळा. छाप सहा.

"सहा?" ताई म्हणाली.

"जास्तच दिलेत," आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ताई मोठ्याने हसली.

मग आम्ही दारापाशी गेलो. मी दगडी तोंडाला पटवलं. ते लाजलं आणि बाजूला झालं. ताईच्या किमयागाराने अक्षरांवरची धूळ पुसली. बाबांनी महिन्यांपूर्वी लिहून ठेवलेला मजकूर काढला आणि वाचू लागले. त्यांनी तो लिहिला तेव्हा नुसतं एक कोडं म्हणून लिहिला होता. "या दारातून एकच पुढे जाईल. बाकीच्यांनी दार धरून ठेवावं."

काकांनी बाह्या सरसावल्या. "मी उचलतो. चौघांत कोण जातंय?"

सगळे एकमेकांकडे बघत होते. मी ताईकडे बघत होते. टेबलाखाली तिचा पाय दाबावा असं मनात आलं, पण दाबला नाही.

"बाबा," ताई म्हणाली, "मला जायचंय."

"जा की. तुझा किमयागार पुढे होतो आणि..."

"खेळात नाही, बाबा." आणि तिने सांगितलं. कार्यशाळा, दुर्बिणी, माणसाच्या उंचीची भिंगं, महिनाअखेर. छाप सहाच असल्यामुळे तिला गोड करून सांगता आलं नाही. सगळं एका दमात, जसं होतं तसं.

बाबा फासा बोटांत फिरवत राहिले. आईने काकांचा हात दाबून त्यांना गप्प बसवलं.

"किती दिवस बसली होतीस दारापाशी?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही अकरा वाटलेत तेव्हापासून."

"मला वाटलं होतं, वाटणी चुकू नये एवढं सांभाळलं की झालं." त्यांनी फासा टेबलावर ठेवला, टाकला नाही. "तिथे लोकांशी जरा नीट बोल. सहाच आहे तुझी. काका, धरा दार. आम्ही पण धरतो."

ताई निघायच्या आदल्या दिवशी बाबा मला घेऊन बाजारात गेले. बॅगांच्या दुकानात त्यांनी एक मजबूत, निळी, चाकांची सुटकेस निवडली. चाकं फिरवून पाहिली, कुलूप लावून पाहिलं, आणि सवयीने म्हणाले, "दोन द्या."

दुकानदार दुसरी काढायला वळला. बाबा तिथेच उभे राहिले. मग खाकरले आणि म्हणाले, "नाही. एकच द्या."

रस्ताभर ते हळूच माझ्याकडे बघत होते, मला वाईट वाटलंय का म्हणून. जन्मात पहिल्यांदा ताईला काहीतरी मिळालं होतं आणि मला नाही. सुटकेस त्यांच्या हातात होती आणि माझे दोन्ही हात मोकळे होते. मी त्यांचा मोकळा हात धरला आणि तसेच आम्ही घरी आलो.